छेदचित्रातलं झाड

मी आरेखक. रस्ते, गटारं, छोटे पूल यांचे नकाशे काढण्यात माझी सगळी नोकरी गेली. आधी ट्रेसिंग पेपरवर शाईने, मग संगणकावर. रस्त्याचं छेदचित्र म्हणजे रस्ता आडवा कापला तर त्याच्या पोटात काय काय दिसेल त्याचं चित्र. खाली दाबलेला मुरूम, त्यावर खडीचे थर, वर डांबर, कडेला गटार, मग कर्बस्टोन म्हणजे पदपथाच्या कडेचा दगड, पदपथ, त्याखाली केबलचा डक्ट, पाण्याची लाइन, दिव्याचा खांब. हे मी डोळे मिटून काढू शकते. त्यात झाड नसायचं. तीस वर्षांत ते मला एकदाही खटकलं नाही. खटकलं ते निवृत्तीनंतर, आमच्या शहराच्या पर्यावरण सल्लागार मंडळावर गेल्यावर.

परवाच्या बैठकीत त्या छेदचित्रात झाड आलं. त्याला दोन वर्षं लागली, आणि ती दोन वर्षं कशी गेली ते मला लिहून ठेवायचं आहे.

मंडळात आम्ही अकरा जण आहोत. एक मृदाशास्त्राच्या प्राध्यापक, एक डॉक्टर, एक प्लंबर, दोन विद्यार्थी, चाकाची खुर्ची वापरणारे एक वकील, बाकी माझ्यासारखे. महिन्यातून एक बैठक, संध्याकाळी. मानधन नाही. पैसे खर्च करता येत नाहीत, काम थांबवता येत नाही, कुणाला नोटीस देता येत नाही. शिफारस तेवढी करता येते.

अशी मंडळं जगातल्या पुष्कळ शहरांत आहेत. १९९२ साली रिओच्या वसुंधरा परिषदेत ‘अजेंडा २१’ हा शाश्वत विकासाचा कृती आराखडा मंजूर झाला. त्याचं अठ्ठाविसावं प्रकरण स्थानिक संस्थांवर आहे. १९९६ पर्यंत बहुतेक स्थानिक संस्थांनी आपल्या नागरिकांशी बोलून स्वतःचा स्थानिक अजेंडा तयार करावा, असं त्यात म्हटलं होतं. त्यामागचा विचार मला आजही पटतो. करार देशांचे होतात, पण पाण्याची लाइन, रस्ता, कचरा, बांधकामाचा परवाना हे सगळं शहराच्या हातात असतं.

सल्लागार असण्यात धोकाही आहे. अमेरिकेतल्या अभ्यासक शेरी आर्न्स्टाइन यांनी १९६९ साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. लोकांना सल्लागार समितीवर नुसतं बसवायचं आणि आधीच ठरलेल्या गोष्टीवर त्यांची मान डोलवून घ्यायची, हा प्रकार त्यांनी सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवला. तो सहभाग नव्हेच, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. लोकांचं मत विचारणं चौथ्या पायरीवर येतं, आणि खरी भागीदारी सहाव्या. आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत, हा प्रश्न पहिल्या वर्षी मला प्रत्येक बैठकीनंतर पडायचा. त्या वर्षी आम्ही एक मोठा अहवाल केला. ऊर्जा, पाणी, कचरा, वाहतूक, हिरवाई, सगळं त्यात होतं. तो स्वीकारला गेला, त्याबद्दल आमचे आभारही मानले गेले, आणि त्यातलं एकही वाक्य कुठल्या कामात उतरलं नाही. मला त्याचा फार त्रास झाला. रात्ररात्र जागून मंडळातल्या मुलांनी त्यात माहिती भरली होती.

दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या बैठकीत वृक्षारोपणाचा विषय होता. यंदा किती रोपं लावायची, त्याचा आकडा आम्ही सुचवायचा होता. प्राध्यापकबाई म्हणाल्या, “आकडा नंतर. तीन वर्षांपूर्वी लावलेल्यांपैकी किती उभी आहेत?” कुणाकडेच उत्तर नव्हतं. लावलेल्या रोपांची नोंद असते, फोटो असतात. तिसऱ्या उन्हाळ्यात तिथे काय आहे, याची नोंद ठेवण्याचं काम कुणाचंच नसतं.

म्हणून एका रविवारी आम्ही चौघं टेप, वही आणि खडू घेऊन एका रस्त्यावर गेलो. एका बाजूने निघालो, दुसऱ्या बाजूने परत आलो. रोपं तर बरीच गेलेली होतीच, पण मी थबकले ती एका जुन्या मोठ्या झाडापाशी. पदपथ नवा होता. पेव्हर ब्लॉक थेट बुंध्यापर्यंत आले होते आणि बुंध्याभोवतीची फट सिमेंटने बुजवली होती, अगदी नीट, थापीने गुळगुळीत करून. गवंड्याने मन लावून केलेलं काम होतं ते. एका बाजूला बुंधा फुगून सिमेंटच्या काठावर आला होता, साल दुमडली होती. बोटभर जाडीची वळी. मी तिच्यावर हात ठेवला तर ती कोरडी आणि भेगाळलेली लागली. दुसऱ्या बाजूला दोन ब्लॉक वर उचलले गेले होते. टेप लावला. बुंध्यापासून उघडी माती: शून्य. वहीत शून्य लिहिलं. पुढच्या झाडाला शून्य, त्याच्या पुढच्याला चार सेंटिमीटर, मग पुन्हा शून्य.

प्राध्यापकबाईंनी तिथेच उभ्या उभ्या समजावलं. झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीतच असतात, आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेरवर पसरतात. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, ती श्वास घेतात. रोलर फिरून माती दबली की मातीच्या कणांमधल्या पोकळ्या मिटतात, वरून काँक्रीट आलं की पाणीही बंद. झाड लगेच मरत नाही, साठवलेल्यावर काही वर्षं काढतं. आधी शेंड्याकडच्या फांद्या वाळतात. मग एखाद्या वादळात ते पडतं आणि लोक म्हणतात, वाऱ्याने पडलं. पदपथाचं काम आणि झाडाचं पडणं यांच्यात इतकी वर्षं गेलेली असतात की दोन्हींचा संबंध कुणी जोडत नाही.

घरी आल्यावर मी शहराच्या रस्ते विभागाचं प्रमाण छेदचित्र, म्हणजे सगळ्या कामांसाठी नमुना म्हणून वापरायचं चित्र, उघडलं. ते माझ्या ओळखीचं होतं, तशीच चित्रं मी काढली आहेत. गटार होतं, डक्ट होता, खांब होता, खांबाच्या पायाची खोली मिलिमीटरमध्ये दिलेली होती. झाड नव्हतं. ठेकेदार नकाशा वाचतो. मुकादम ठेकेदाराकडून ऐकतो. गवंडी मुकादमाकडून. या सगळ्या साखळीत कुठेच कुणी झाडाबद्दल काही बोललेलं नव्हतं. मग त्या गवंड्याने फट राहू न देणं, हेच त्याचं चांगलं काम ठरलं. मी तीस वर्षं तीच फट न दाखवणारी चित्रं काढत होते. त्या रात्री मला झोप आली नाही.

पुढच्या बैठकीत मी म्हणाले की अहवाल पुरे, या वर्षी आपण एक चित्र आणि दोन वाक्यं करू या. प्रमाण छेदचित्रात झाड आणि त्याचं आळं मापासकट दाखवायचं, आणि निविदेच्या अटींत त्याबद्दल दोन वाक्यं घालायची. विद्यार्थ्यांना हे फार लहान वाटलं. त्यांना मेलबर्नसारखं ध्येय हवं होतं. दीर्घ दुष्काळानंतर २०१२ साली त्या शहराने आपलं नागरी वनाचं धोरण केलं. झाडांच्या छायेखालचं सार्वजनिक क्षेत्र २२ टक्क्यांवरून २०४० पर्यंत ४० टक्क्यांवर न्यायचं, आणि एकाच जातीची झाडं पाच टक्क्यांहून जास्त होऊ द्यायची नाहीत, म्हणजे एखादा रोग आला तर सगळी एकदम जाणार नाहीत. मुलांचं म्हणणं चूक नव्हतं. पण चाळीस टक्के छाया याच पदपथांवर, याच मातीत वाढायची, आणि ती माती आपण बंद करत आहोत. हे त्यांना त्या रविवारच्या वहीतल्या शून्यांनी पटलं.

खरी चर्चा सुरू झाली ती रस्ते विभागाबरोबर बसल्यावर. तिथे भेटलेल्या अभियंत्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्यांच्या हरकती खऱ्या होत्या. उघड्या मातीतून पाणी खाली गेलं तर रस्त्याच्या थरांना ओल लागेल. केबल टाकायला जागा उरणार नाही. पदपथ अरुंद होईल. त्यांच्यातल्याच एका तरुण अभियंत्याने राष्ट्रीय हरित लवादाचा २०१३ चा आदेश समोर ठेवला, दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढायला सांगणारा. त्या एका कागदाने मापाची चर्चा एक मीटरपासून सुरू झाली. नाहीतर आम्ही फूटभरावर घासाघीस करत बसलो असतो.

सगळ्यात अवघड प्रश्न आमच्याच वकीलसाहेबांनी विचारला. “आळं मोठं करा, पण माझी खुर्ची कुठून जाणार? आणि आळ्यातली माती खचली की तिथे खड्डा होतो. काठी घेऊन चालणारा माणूस त्यात पडतो. मी पाहिलंय.” मला याचं उत्तर माहीत नव्हतं. झाड की माणूस, असा पेच आम्हाला नको होता. मग आळ्याचा आकार बदलला: चौरसाऐवजी लांबट, पदपथाच्या कडेला समांतर, म्हणजे चालायची पट्टी सलग राहते. दोन खुर्च्या समोरासमोरून जायला १.८ मीटर लागतात, तेवढी जागा आधी मोजून ठेवायची आणि उरलेल्यात आळं बसवायचं. जिथे जागा कमी पडेल तिथे पदपथ अरुंद न करता आळं गाडी उभी करायच्या पट्टीत सरकवायचं. खचण्याचा प्रश्न उरला. आळ्याच्या वरच्या थरात भरड खडी भरून ती पदपथाच्या पातळीला ठेवायची, हे प्लंबरकाकांनी सुचवलं. पाणी जातं, हवा जाते, पाय अडकत नाही.

मृदाशास्त्राच्या बाजूने स्टॉकहोमचा अनुभव कामी आला. तिथे पदपथाखाली मोठाले दगड, १०० ते १५० मिलिमीटरचे, थरांनी दाबून बसवतात आणि मधल्या पोकळ्यांत पाण्याच्या साहाय्याने माती मुरवतात. वजन दगड दगडावर पेलतात, माती मोकळी राहते आणि मुळं पोकळ्यांतून पसरतात. वरून पदपथ नेहमीसारखाच दिसतो. आपल्याकडचे अभियंते हे ऐकताना पुढे सरकून बसले, कारण ही त्यांच्याच ओळखीची भाषा होती: खडी, दाब, भार. झाडाबद्दल बोलताना आम्ही एरवी सावली, पक्षी, प्राणवायू असं बोलतो. ते खरंच आहे. पण त्या खोलीत खडीच्या आकाराने जे झालं ते सावलीने झालं नसतं.

दोन वाक्यांतल्या एका शब्दावर सबंध बैठक गेली. मसुद्यात होतं, “बुंध्याभोवती शक्यतो आळे ठेवावे.” मी नोकरीत असंख्य निविदा पाहिल्या आहेत. ‘शक्यतो’ असलेली अट ठेकेदार वाचतच नाही. तो शब्द काढायला विभाग तयार नव्हता, कारण काही गल्ल्या खरंच अरुंद आहेत. शेवटी ठरलं ते असं: आळं ठेवलंच पाहिजे, जिथे शक्य नाही तिथे कारण आणि प्रत्यक्ष माप लेखी नोंदवायचं. दुसरं वाक्य मला त्याहून महत्त्वाचं वाटतं: अंतिम बिल देण्यापूर्वी प्रत्येक झाडाच्या आळ्याचं माप मोजमाप पुस्तकात, म्हणजे ज्यावरून ठेकेदाराचं बिल निघतं त्या नोंदवहीत, चढवायचं. एकदा मोजमाप पुस्तकात आलं की ते काम झालं. आता झाडाभोवतीची उघडी माती ही कामाची एक बाब आहे, खडीसारखी, डक्टसारखी.

परवा हे मंजूर झालं. इतिवृत्तात चार ओळी आहेत. सुधारित छेदचित्रावर, कर्बस्टोनच्या आत, एक बुंधा आहे, त्याखाली मुळं आहेत, आणि मुळांच्या थराची खोली मिलिमीटरमध्ये लिहिली आहे. मुळं मी हाताने काढली होती. विभागाने ती तशीच ठेवली.

काल सकाळी एका रस्त्याचं काम नव्या चित्राप्रमाणे सुरू झालं म्हणून पाहायला गेले. मुकादम नकाशा गुंडाळून काखेत धरून उभे होते. मला म्हणाले, “ताई, हे झाडाखाली जे काढलंय ते काय आहे? एवढं खोल खोदायचं का?” मी म्हटलं, “नाही, ती मुळं आहेत. तिथे पहार लावायची नाही, हाताने माती काढायची.” त्यांनी नकाशा पुन्हा उघडला, थोडा वेळ पाहिला, आणि एका पोराला हाक मारून बुंध्यापासून टेप धरायला लावला. खडूने लांबट चौकट आखली. पोराने एक बाजू आत घेतली तर त्यांनी पायाने ती पुसून पुन्हा आखायला सांगितली.

तिथे उभी असताना एक चूक दिसली. कर्बस्टोन रस्त्यापासून उंच आहे, म्हणून रस्त्यावरचं पावसाचं पाणी आळ्यात न शिरता सरळ गटारात जाणार. आळ्यासमोर कर्बस्टोनला एक खाच हवी, आणि खाचेच्या आत गाळ अडवायला छोटा दगडी खण. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो तिसरा विषय आहे. चित्र आज रात्री काढायला घेते.