काउंटरच्या आतल्या बाजूने

आमच्या लॉजला बारा खोल्या होत्या. सातारा एसटी स्टँडपासून चालत चार मिनिटं. खाली झेरॉक्सचं दुकान, बाजूनं जिना, आणि जिना संपला की काउंटरवर अण्णा, म्हणजे माझे सासरे. किल्ल्यांना वीतभर लांबीचे लाकडी ठोकळे बांधलेले, कुणी चुकून खिशात घालून पुण्याला नेऊ नये म्हणून. तरी दोघातिघांनी नेलेच. गरम पाणी सकाळी सहा ते आठ. आठ वाजून दोन मिनिटांनी कुणी बादली मागितली तर अण्णा भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवायचे. बोलायचे नाहीत.

त्या काउंटरमागे मी अकरा वर्षं रजिस्टर लिहिलं. त्यामुळे गेल्या दिवाळीत लेकीनं लॅपटॉपवर 'फॉल्टी टॉवर्स' लावून दिलं, तेव्हा ती पोट धरून हसत होती आणि मी मधेमधे म्हणत होते, "अगं, त्याचं बरोबर आहे की!"

बीबीसीची विनोदी मालिका. सहा भाग १९७५ मध्ये, सहा १९७९ मध्ये, बस्स. आमच्या खोल्यांइतकेच. एवढ्या भांडवलावर २००० साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं काढलेल्या सर्वोत्तम ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमांच्या यादीत ती पहिली आली. टॉर्की नावाचं इंग्लंडमधलं समुद्रकाठचं गाव, तिथलं एक हॉटेल, मालक बेसिल फॉल्टी आणि त्याची बायको सिबिल. बेसिल झालाय जॉन क्लीज, उंचच उंच, दाराच्या चौकटीत न मावणारा. हा बेसिल त्यानं हवेतून आणलेला नाही. १९७० मध्ये 'मॉन्टी पायथन' या विनोदी टीव्ही कार्यक्रमाची मंडळी, त्यात क्लीजही, चित्रीकरणासाठी टॉर्कीतल्या एका हॉटेलात उतरली होती. तिथल्या मालकानं एकाला काटा-चमचा धरण्यावरून सुनावलं, आणि दुसऱ्याची बॅग बाँब असेल म्हणून बाहेर भिंतीपलीकडे नेऊन ठेवली. बाकीचे वैतागून दुसरीकडे गेले. क्लीज मात्र राहिला, आणि त्याची बायको कॉनी बूथही तिथं येऊन राहिली. पुढे दोघांनी मिळून मालिका लिहिली. गंमत म्हणजे कॉनीनं स्वतःकडे बायकोचं काम घेतलं नाही, ती झाली पॉली, हॉटेलात काम करणारी शहाणी मुलगी. १९७८ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला आणि तरी दुसरे सहा भाग त्यांनी एकत्रच लिहिले. आमच्याकडे घटस्फोट झाला की माणसं एकमेकांच्या घरची लग्नंसुद्धा टाळतात.

सिबिल म्हणजे प्रुनेला स्केल्स. ती फोनवर मैत्रिणीशी बोलते ते बघाच. पलीकडची बाई काय सांगते ते आपल्याला ऐकू येत नाही, हिचं नुसतं "हो गं... हो गं... हो गं" चाललेलं, आणि मागे हॉटेल पेटलं तरी चालेल. आमच्या आईंचा, सासूबाईंचा, फोन असाच चालायचा. फरक एवढाच, की आई बोलता बोलता कालचा गल्ला मोजून रबर लावून ठेवायच्या.

आता माझा मुद्दा. लोक म्हणतात बेसिल उद्धट आहे म्हणून हसू येतं. मला नाही पटत. उद्धट माणसात हसण्यासारखं काही नसतं, अकरा वर्षं शेजारच्या खुर्चीत बसून सांगते. बेसिलचं हसू येतं ते तो आधी वाकतो म्हणून. पहिल्याच भागात एक लॉर्ड मुक्कामाला येतो. नाव ऐकल्याबरोबर बेसिलच्या पाठीचा कणाच जातो. त्याच्यासाठी आधीच बसलेल्या गिऱ्हाइकांना टेबलावरून उठवतो. तो लॉर्ड निघतो भामटा. मग जो राग निघतो तो गिऱ्हाइकावर नसतो, स्वतःच्या वाकण्यावर असतो.

अण्णा वाकले नाहीत. एकदा कुठल्याशा मोठ्या साहेबांच्या ड्रायव्हरनं येऊन सांगितलं, साहेबांना तीन नंबर पाहिजे. तीन नंबरला संडास-बाथरूम आतच. तिथं पोलीस भरतीला आलेली पाटणकडची दोन पोरं झोपली होती. अण्णा म्हणाले, "खोली भरलीया. उद्या या." साहेब खाली गाडीतच बसलेले. त्यात विनोद शून्य. आईंनी मात्र रात्री जेवताना त्यांच्याशी अवाक्षर काढलं नाही.

एक प्रसंग मात्र पडद्यावर पाहून मी उठून उभीच राहिले. मिसेस रिचर्ड्स नावाची म्हातारी, ऐकू कमी येतं, आणि बॅटरी संपेल म्हणून कानातलं यंत्र बंद ठेवते. तिची तक्रार, खिडकीतून काही दिसत नाही. बेसिल तिला विचारतो, टॉर्कीच्या खिडकीतून आणखी काय दिसायला हवं होतं, सिडनीचं ऑपेरा हाउस?

आमच्याकडे कासच्या फुलांच्या सीझनला पुण्याचं एक कुटुंब आलं होतं. फोनवर अण्णा बोलून बसले होते, अजिंक्यतारा दिसतो. बाई खिडकीशी गेल्या. समोर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी, काळी, हजार लिटरची.

"अहो काका, किल्ला कुठाय?"

अण्णा गेले. खिडकीचं दार पूर्ण उघडलं. "वाका जरा. आणखी. डाव्या अंगाला. टाकीच्या नळाच्या वर बघा. हिरवं दिसतंय ना, त्येच."

बाई कमरेतून बाहेर आणि त्यांच्या मिस्टरांनी मागून ओढणी धरलेली. हिरवं दिसलं, असं त्या म्हणाल्या. दोन रात्री राहिल्या.

मॅन्युएलबद्दल मात्र माझं जरा वेगळं आहे. हा बार्सिलोनाहून आलेला वेटर, त्याला इंग्रजी धड येत नाही, आणि बेसिल त्याला टपल्या मारतो, बडवतो. लेक हसते, मला तिथं हसू येत नाही. आमच्याकडे विजापूरकडचा एक पोरगा होता. मराठी येत नव्हतं, म्हणून अण्णा त्याच्याशी मोठ्यानं बोलायचे, जणू कानडी हा बहिरेपणाचाच प्रकार. "सातमध्ये चार चादरी दे" म्हटल्यावर तो सातमध्ये चार चहा घेऊन गेला होता. अण्णांनी हात कधी उचलला नाही, चहाचे पैसेही कापले नाहीत, पण बोलणं सोडून दिलं, ते त्याला जास्त लागलं असणार.

मॅन्युएल झालेला अँड्र्यू सॅक्स मुळात स्पॅनिश नव्हताच, बर्लिनचा. वडील ज्यू, म्हणून १९३८ मध्ये, आठ वर्षांचा असताना, घरच्यांना जर्मनी सोडून लंडनला यावं लागलं. आणि जर्मन पाहुण्यांसमोर युद्धाचा विषय काढायचा नाही असं ठरवून बेसिल तोच विषय काढत राहतो, तो गाजलेला भाग याच माणसाच्या सोबतीनं झालाय. त्याच भागात आगीच्या प्रसंगात कपड्यांतून धूर यावा म्हणून लावलेल्या रसायनानं सॅक्स खरोखर भाजला होता. हे वाचल्यापासून तो भाग मी पुन्हा लावलेला नाही.

लॉज आता बंद आहे. वर क्लासवाल्यांना भाड्यानं दिलंय. अण्णा चौऱ्याऐंशीचे. परवा लेकीनं त्यांनाही एक भाग दाखवला. इंग्रजी कळत नाही, पण चष्मा लावून अर्धा तास हलले नाहीत. हसलेही नाहीत. त्यांचं लक्ष सगळं त्या हॉटेलातल्या कायमच्या मुक्कामी मेजरवर. दोन म्हाताऱ्याही आहेत तशाच, पण मेजर जास्त. रोज पेपर विचारत येतो, बारकडे बघतो, जातो. आमच्याकडे पाच नंबरला एक रिटायर्ड मास्तर सहा वर्षं असेच राहिले होते.

भाग संपला. अण्णांनी चष्मा काढून घडी केला.

"त्यो म्हातारा," म्हणाले, "बिल देतो का न्हाई?"

लेक म्हणाली, "आजोबा, ते दाखवलंच नाहीये."

"न्हाईच देत," अण्णा म्हणाले, आणि पाच नंबरच्या बाजूला, जिथं आता क्लासच्या पोरांचे बूट पडलेले असतात, तिकडे बघत बसले.