नदी सुटली तो दिवस

डॉसनला ब्रेकअप होतं ते नदीचं, म्हणजे गोठलेल्या नदीचा बर्फ सुटतो. पहिल्या वर्षी घरच्या ग्रुपवर "आज ब्रेकअप झालं" असं टाकलं आणि पाच मिनिटांत सांगलीहून आईचा फोन. "कोण होती रे? बोलला नाहीस कधी!"

कॅनडाच्या अगदी उत्तरेला युकॉनमधल्या डॉसन सिटीत मी किराणा दुकानात गल्ल्यावर असतो. गाव युकॉन नदीच्या अलीकडे, थोडी वस्ती पलीकडे, मध्ये पूल नाही. उन्हाळ्यात फेरीबोट चालते, थंडीत गोठलेल्या नदीवरूनच गाड्या जातात. पण बर्फ धरताना आणि सुटताना, वर्षातून दोनदा, काही आठवडे दोन्ही बंद. त्यामुळे एप्रिल लागला की पलीकडची माणसं पोत्यांनी सामान नेतात: पीठ, बटाटे, बॅटऱ्या, कुत्र्यांचं खाणं. मला वसंत आधी बिलात दिसतो, मग झाडांवर.

नदीच्या मधोमध बर्फावर एक लाकडी तिकाटणं उभं करतात. त्याची तार काठावरच्या घड्याळाला जोडलेली. बर्फ हलला की तार ओढली जाते आणि घड्याळ थांबतं. १८९६पासूनच्या नोंदी आहेत. दिवस, तास, मिनिट यावर सगळं गाव पैजा लावतं. मला हे काही नवीन नव्हतं. आमच्याकडे सांगलीत पावसाळ्यात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न "आयर्विनला किती फूट?" हाच असतो, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं. २०१९ला ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या घरात छातीभर पाणी होतं. पैज मात्र कुणी लावली नव्हती!

त्या दिवशी, मेच्या पहिल्या आठवड्यात, गल्ल्यावर पलीकडचे एक आजोबा होते. दवाखान्यासाठी अलीकडे आले आणि अडकले. दोन आठवडे मित्राच्या सोफ्यावर. कुत्रा पलीकडे, शेजाऱ्यांकडे. मी त्यांची अंडी स्कॅन करत होतो तेवढ्यात बर्फ हलल्याचा भोंगा वाजला. मॅनेजरबाईंनी "चला!" म्हटलं आणि स्वतःच आधी पळाल्या.

बांधावर निम्मं गाव. मला वाटलेलं, धडाका होईल. आधी आला तो किणकिणाट. उन्हानं कुजलेला बर्फ उभ्या सळ्यासळ्यांचा होतो आणि त्या सुटून एकमेकींवर घासतात. कासाराची टोपली कुणीतरी हळूच कलंडावी तसा तो आवाज. मग मागून मोठ्या लाद्या आल्या. ट्रकएवढी एक लादी सावकाश उभी राहिली, तिची खालची हिरवट-निळी बाजू दिसली आणि ती दुसरीवर आडवी झाली. एक अख्खं स्प्रूसचं झाड मुळांसकट गेलं. पाणी चढू लागलं तसा मी नकळत दोन पावलं मागे सरकलो. सांगलीकराची सवय. आजोबांनी पाहिलं. म्हणाले, "१९७९ला पाणी गावात शिरलं होतं. हा बांध त्यानंतरचा." आणि पुन्हा पलीकडे बघत राहिले.

पलीकडच्या काठावर एक काळा ठिपका इकडून तिकडे धावत होता. भुंकणं ऐकू येणं शक्यच नव्हतं. आजोबांनी तरी शीळ घातली.

माझी पैज दीड दिवसानं हुकली.

परत आलो तर अंडी पट्ट्यावर तशीच, बिल अर्धवट उघडं. आजोबांनी पाकीट काढलं, थांबले. "फेरी पाण्यात पडायला अजून आठ-दहा दिवस जातील," ते म्हणाले, आणि आणखी एक डझन घेऊन आले. पाठोपाठ कुत्र्याच्या खाण्याचं पोतं. ते मात्र मोठं.