तिसऱ्या सिलिंडरचे बावीस

माझ्या बेळगावच्या गॅरेजच्या वहीत ती ओळ माझ्याच अक्षरात आहे: २७, २६, २२, २७. बरीच वर्षं उलटून गेली, तरी वही चाळताना बोट तिथंच थांबतं.

ऑगस्ट २०१९. निपाणीच्या पलीकडे यमगर्णीजवळ वेदगंगा नदी हायवेवर आलेली, कोल्हापूरकडून येणारे सुटे भाग अडकलेले, आणि माझ्या दारात पाण्यातून ओढून आणलेल्या अकरा गाड्या. त्यातली एक येळ्ळूरच्या सरांची. निवृत्त शिक्षक, डिझेल गाडी, ट्रॅक्टरला दोर बांधून आणलेली. बळ्ळारी नाला दर पावसाळ्यात भातशेतात शिरतो, त्या वर्षी रस्ताही त्याचाच होता. पाणी बंपरच्या खालीच होतं. सर पहिल्या गिअरमध्ये सावकाश चालले होते. समोरून बस आली आणि तिची लाट बॉनेटवर आदळली. इंजिनाचं हवा ओढायचं तोंड पुढच्या जाळीमागे, साधारण हेडलाइटच्या उंचीला असतं. पाण्यात बस दामटणाऱ्याला समोरच्या छोट्या गाडीचं काय होतं ते दिसत नाही, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ते बघायचंही नसतं.

"सर, बंद पडल्यावर सेल्फ मारलात काय?"

"नाही की. बंद पडली तसा उतरलो. किल्लीला हात लावलो नाही."

सर खरं बोलत होते, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

एअर फिल्टरचा डबा उघडला. कागद भिजून लगदा झालेला आणि त्याच्या घडीत भाताची एक हिरवी पात अडकलेली. चेंबरमधलं ऑइल मात्र स्वच्छ होतं, दुधाळ झालेलं नव्हतं. चारही हीटर प्लग काढले, क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हातानं फिरवलं. तिसऱ्या भोकातून गढूळ पिचकारी उडाली. गॅरेजात कामाला असलेला गोकाकचा माझा पोरगा कन्नडमध्ये ओरडला, "नीर बंत्री!" पाणी आलं.

पाणी दाबलं जात नाही, सगळी अडचण तिथंच आहे. १२४८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन म्हणजे एका सिलिंडरला ३१२ सीसी. डिझेलचं कॉम्प्रेशन सतराला एक धरलं तर पिस्टन पार वर गेल्यावर जागा उरते जेमतेम वीस सीसी, म्हणजे चहाचे चार चमचे. त्याहून जास्त पाणी आत असेल तर पिस्टनला वर जायला वाटच नसते. मग वाकतो कनेक्टिंग रॉड, पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा.

सगळं वाळवलं, ऑइल आणि फिल्टर बदलले, इंजिन सेल्फवर फिरवून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घेतलं. तिसऱ्याला २२ बार. मी म्हटलं, पाण्यानं बोअरवरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचं, ऑइल धुऊन गेलंय, गाडी चालली की पिस्टनच्या रिंग बसतील आणि आकडा वर येईल. असं होतंही. पण रॉड वाकलाय का ही शंका फेडायची तर तिसरा इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, काढून भोकातून पिस्टनची उंची मोजायला हवी होती. या इंजिनांचे इंजेक्टर हेडमध्ये काजळीनं असे चिकटतात की एक काढायला कधी कधी अर्धा दिवस जातो. दहा गाड्या रांगेत होत्या. सरांनी सेल्फ मारलेला नाही, म्हणजे रॉड वाचला, असं मी धरून चाललो. चुकलं ते इथं. सेल्फ मारल्यावर रॉड वाकतो हे खरं, पण चालू इंजिनानं पाणी गिळलं तर फ्लायव्हीलचा, म्हणजे इंजिनाच्या जड फिरत्या चाकाचा, जोरच तो वाकवायला पुरतो. गाडी पाण्यात स्वतःहून बंद पडली होती, एवढं मला पुरायला हवं होतं.

गाडी चालू झाली, आवाज स्वच्छ होता. मी किल्ली दिली.

तीन आठवड्यांनी धारवाडला जाताना कित्तूरच्या पुढे रॉड तुटला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला. सर नशिबानं डाव्या लेनला होते, गाडी कडेला घेता आली. हेड उतरवलं तेव्हा तीन बोअरच्या वरच्या काठाला काजळीचा सारखाच पट्टा होता. तिसऱ्यात तोच पट्टा मिलिमीटरभर जास्त रुंद. पिस्टन तेवढा खाली राहत होता. हिशोब करून बघितला. या बोअरला एक मिलिमीटर म्हणजे चारेक सीसी जादा जागा, आणि सत्तावीसचे बरोबर बावीसच्या आसपास येतात. वहीनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

विम्याच्या सर्व्हेअरनं गाडी मधे तीन आठवडे चालली एवढंच पकडलं आणि दावा नाकारला. जाळीमागची वाळलेली माती मी दाखवत होतो, तो मोबाइलवर फोटो काढून निघाला. जुना ब्लॉक मिळवला, उद्यमबागेत बोअर करून घेतला. तिथले लेथवाले मायक्रॉनची भाषा बोलतात, त्यांच्या हातचं काम परत येत नाही. मजुरी मी घेतली नाही, सामानाचे अर्धे पैसे दिले. सर नको म्हणत होते.

आता पाण्यात बंद पडलेल्या गाडीचे इंजेक्टर काढून चारही पिस्टनची उंची मोजल्याशिवाय मी किल्ली देत नाही. गिऱ्हाईक दोन दिवसांवरून भांडतं, भांडू दे.

गाडी न्यायला आले तेव्हा मी सरांना वही दाखवली. चष्मा लावून त्यांनी चारही आकडे वाचले.

"त्या दिवशी हे सांगितला असता," ते म्हणाले, "तर मी थांबलो असतो की."