जित्या माशाचे कल्ले

सकाळी पावणेसहाला फोन वाजला, की माझ्या धंद्यात दोनच शक्यता असतात: मोटर जळली किंवा मासे वर आले. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. आदल्या रात्रीच मी गावाहून, संगमेश्वरहून, परतलो होतो. बॅगही उघडली नव्हती. फोनवर घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी होते. "दोन गेलेत. बाकीचे सगळे तोंड वर करून उभे आहेत. लगेच या."

ठाणे आणि नवी मुंबईत बंगल्यांचे, सोसायट्यांचे कोई पॉन्ड, म्हणजे रंगीत शोभेच्या माशांची तळी, सांभाळायचं काम मी बारा वर्षं करतो आहे. लोक 'कोई कार्प' म्हणतात. जपानीत कोई म्हणजेच कार्प, त्यामुळे हा पिवळा पीतांबर झाला, पण आता मीही तसंच म्हणतो. जपानच्या निगाता भागातल्या भातशेती करणाऱ्यांनी खाण्यासाठी पाळलेल्या काळपट माशांत मधूनच एखादा रंगीत निघायचा. ते रंगीत त्यांनी जपले, वाढवले आणि १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात मांडले. तिथून जगभर गेले. रोहू-कटल्याच्या कुळातलाच हा मासा. पण रोहू मेला तर कोणी हळहळत नाही, इथे मुलं रडतात.

कळव्याहून बाईकवर निघालो. त्या वेळी रस्ता मोकळा होता. माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, कासारवडवली असं जाताना डोक्यात एकच: ऑक्सिजन. पहाट ही पॉन्डची सगळ्यात वाईट वेळ. दिवसा शेवाळ ऑक्सिजन देतं आणि रात्रभर तेच शेवाळ तो ओढून घेतं. त्यात मे महिना. पाणी ३० अंशांवर गेलं, की त्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन मावतो. एअरपंप रात्री बंद पडला असणार, असं गृहीत धरून मी एक जादा पंपही सोबत घेतला होता.

एअरपंप चालू होता. धबधबाही चालू होता.

क्लबहाऊससमोरचा हा पॉन्ड १२,००० लिटरचा, चार फूट खोल, चार वर्षांचा. त्यात २३ मासे होते. धबधब्याखाली सगळे गोळा होऊन संथपणे तोंडं उघडमिट करत होते. त्यात एक टांचो आहे, अंगभर पांढरी आणि कपाळावर तेवढा एकच लाल गोल. जपानी लोकांना ती जात फार प्रिय, इथल्या आज्ज्यांनी तिचं नाव 'कुंकू' ठेवलं आहे. ती कडेला एका अंगावर कलली होती. आणि सोन्या, कोपरापासून बोटांपर्यंत लांबीचा सोनेरी ओगोन, वर्तमानपत्रावर पडला होता.

मी पोहोचेपर्यंत सोसायटीत तपास पूर्ण झाला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी गेल्या वर्षी लेखी तक्रार दिली होती, धबधब्याच्या आवाजाने झोप येत नाही म्हणून. ग्रुपवर पहाटेच कोणीतरी लिहिलं होतं, 'आता शांत झोप लागेल काहींना.' एक जण सीसीटीव्ही बघायला सिक्युरिटी केबिनमध्ये बसला होता. मला मात्र दुसराच संशय आला. परवा संध्याकाळी आवारात डासांसाठी धुराची फवारणी झाली होती. त्या औषधांत बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड असतं. माणसाला फारसं काही होत नाही, माशाला मात्र थेंबही भारी. पण त्याने मासे झटके देतात, पाण्यात उलटेसुलटे धावतात. हे तर शहाण्या मुलांसारखे रांगेत उभे होते.

टेस्ट किट काढलं. क्लोरीन शून्य. पीएच साडेसात. अमोनिया पाव पीपीएम, म्हणजे असायला नको, पण एवढ्याने मरणार नाहीत. नायट्राइटची बाटली किटमध्ये होती. मी तिला हात लावला नाही. नायट्राइट ही नव्या पॉन्डची भानगड, पहिल्या दीड-दोन महिन्यांतली. चार वर्षांच्या मुरलेल्या पॉन्डचं नायट्राइट बघणं म्हणजे कॉलेजातल्या मुलाचे दुधाचे दात मोजणं. असं मला वाटलं.

तेवढ्यात झाडूवाल्या मावशी आल्या. कोळीवाड्यातल्या. सासू आयुष्यभर बाजारात पाटी घेऊन बसलेली, त्यामुळे मासा दिसला की हात आपसूक पुढे जातो. त्यांनी सोन्याचा कल्ला अंगठ्याने उचलून बघितला, जसा आपण पापलेट घेताना बघतो.

"ह्यो कवा मेला?"

"पहाटे. तासाभरापूर्वी."

"काय पन सांगता. कल्ला बघ."

कल्ला लाल नव्हता. शिळ्या माशाचा फिकट पडतो, तसाही नव्हता. नाचणीच्या भाकरीसारखा तपकिरी. मी जाळीत कुंकूला घेतलं, ओल्या हाताने धरलं आणि तिचा कल्ला उचलला. तोच रंग. मावशी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

"जित्या म्हावऱ्याचा कल्ला असा नाय रे असत."

हे वाक्य मी इंग्रजी पुस्तकात वाचलेलं आहे, फक्त तिथे त्याला 'तपकिरी रक्ताचा रोग' म्हणतात. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनचं असं रूप करून टाकतं, की ते ऑक्सिजन उचलूच शकत नाही. पाण्यात ऑक्सिजन आहे, पंप फसफसतोय, आणि मासा गुदमरतोय. पाच मिली पाण्यात पाच थेंब टाकून पाच मिनिटं थांबायचं असतं. पाणी आकाशी राहिलं तर ठीक. दुसऱ्याच मिनिटाला नळी जांभळाच्या रसासारखी झाली.

याच्यावर औषध म्हणजे मीठ. मिठातलं क्लोराइड आणि हे नायट्राइट कल्ल्यांच्या एकाच दारातून आत जातात. क्लोराइडची दारात गर्दी केली, की नायट्राइट बाहेर अडकतं. हजार लिटरला दीड किलो, म्हणजे १८ किलो हवं होतं. सकाळी साडेसहाला कुठल्या दुकानात जायचं? सेक्रेटरी गाडीची चावी घेऊन जांभळी नाक्याला निघाले होते, पण प्लंबर म्हणाला, "सॉफ्टनरच्या खोलीत गोण्या पडल्यात ना." बोअरचं पाणी मऊ करायला खडे मीठ लागतं, ते ५० किलोच्या गोणीत येतं. साधं मिठागराचं मीठ. कमळाच्या कुंड्या आधी बाहेर काढल्या, त्यांना मीठ सोसत नाही. मग बादलीत विरघळवून, माशांपासून लांब, दोन-अडीच तासांत थोडं थोडं करून सोडलं. तिसरा हिस्सा पाणी बदललं, नळाचं म्हणून त्यात क्लोरीन मारणारा हायपो टाकला. खाणं बंद. माशांचं, आणि एव्हाना आमचंही.

पण चार वर्षांच्या पॉन्डमध्ये नायट्राइट आलं कुठून? फिल्टरचं झाकण उघडलं आणि पोटात गोळा आला. आतल्या जपानी मॅट नव्याकोऱ्या दिसत होत्या. एरवी त्यांच्यावर तांबूस, बुळबुळीत गाळ असतो. त्या गाळातच सगळी मजा असते. एक जातीचे जिवाणू माशांच्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते झाडं खातात. दोन्ही मेले तर पहिले आधी परततात, दुसरे मागून. मधल्या दिवसांत नायट्राइट साचत जातं. म्हणूनच अमोनिया जवळजवळ नव्हता.

माळीकाकांना बोलावलं. त्यांनी अभिमानाने सांगितलं: सगळ्या मॅट काढल्या, स्विमिंग पूलची क्लोरीनची पावडर ड्रममध्ये कालवून त्यात रात्रभर भिजवल्या, नळाखाली चारदा धुतल्या आणि दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात वाळवल्या. क्लोरीनचा वासही राहू दिला नाही. स्वच्छता म्हणून बघाल तर एक गुणही कापता आला नसता. सोळा दिवस झाले होते.

एव्हाना कमिटीचे पाच-सहा जण जमले होते. तिसऱ्या मजल्यावरून मोर्चा माळीकाकांकडे वळला. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला नसते उद्योग करायला?" "माशांची किंमत माहीत आहे?" "पगारातून कापा." काका खाली बघत होते. मधूनच एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं.

त्यांना सांगणारा मीच होतो. गावी पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला होता, फिल्टरमधून पाणी हळू येतंय. मी मांडवात होतो, पंगत बसत होती, सनई कानाशी. ओरडून म्हणालो, "मॅट काढून चांगल्या धुऊन घ्या!" आणि फोन ठेवला. कशात धुवायच्या, किती, एका वेळी किती मॅट, यातलं काही नाही. पॉन्डच्याच पाण्यात, एका वेळी एकच, फक्त खळबळून, हे मला इतकं अंगवळणी पडलं आहे, की ते सांगावं लागतं हेच सुचलं नाही.

आणि हे मी लगेच बोललो असंही नाही. बादलीतलं मीठ ढवळत राहिलो. मीठ केव्हाच विरघळलं होतं. पाच मिनिटं तरी गेली असतील. मग म्हणालो, "काकांना मी सांगितलं होतं. फोनवर. आणि अर्धवट सांगितलं."

कोणी काही बोललं नाही. सेक्रेटरींनी जरा वेळाने विचारलं, "मग या व्हिजिटचं बिल?" मी नको म्हणालो. दोन माशांचे पैसे पुढच्या तीन महिन्यांच्या बिलातून वळते करा, असंही म्हणालो. तिसऱ्या मजल्याची माफी शेवटपर्यंत कोणी मागितली नाही. ग्रुपवर एकाने नुसते हात जोडलेले पाठवले, ते कोणासाठी होते कळलं नाही.

माळीकाका मात्र चिडले होते, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. "म्हणजे घाण तशीच ठेवायची?" मी म्हटलं, "काका, घरी विरजणाचं भांडं साबणाने घासून उन्हात ठेवलं तर दुसऱ्या दिवशी दही लागेल का?" त्यांनी विचार केला. "मग आता विरजण आणायचं कुठनं?"

शेजारणीकडून. संध्याकाळी ऐरोलीच्या पुलावरून बेलापूरला गेलो. पारसिक हिलवर एका बंगल्यात माझा जुना पॉन्ड आहे. तिथे दोन वर्षांत नवा मासा पडलेला नाही, त्यामुळे रोग येण्याची धास्ती कमी. तिथली एक गाळाने माखलेली मॅट बादलीत, पॉन्डच्याच पाण्यात, बॅटरीवरचा पंप लावून घेतली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि दारातून विचारलं, "पण परत आणून देशील ना?"

रात्री साडेनऊला मॅट बसवली. मासे अजून वरच होते, पण धबधब्यापासून जरा पांगले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी खाली गेले. त्यानंतर एकही गेला नाही. रोज नायट्राइट बघत होतो: जांभळं, मग फिकट जांभळं. तीन आठवड्यांनी, पाऊस सुरू झाल्यावर, नळी पहिल्यांदा आकाशी राहिली.

त्या दिवशी कुंकूला पुन्हा जाळीत घेतलं. मावशी छत्री बाजूला ठेवून आल्या, मला सरकवलं आणि स्वतःच कल्ला उचलला. आत लालभडक.

"आता बाजारात मांडलास तरी चालंल," त्या म्हणाल्या. मग जरा नाक मुरडून, "पन गोड्या पान्याचा हाय. आमच्यात कोन खानार?"