मुरमाच्या मुलखात दोन दिवस

"दगडाचे फोटो काढायला एवढ्या पहाटे कशाला उठवतो बे? दगड काय पळून चाललेत का?" मावसभावाने गाडी काढता काढता विचारलं. दगड पळत नाहीत, ऊन पळतं, असं मी म्हणालो. ते त्याला पटलं नाही. पण गाडी त्याची, डिझेल माझं, असा करार असल्यामुळे साडेपाचला आम्ही तुळजापूर रस्त्याला लागलो होतो. दिवाळी होऊन आठवडा झाला होता.

इतकी वर्षं माझा कॅमेरा हिप्परग्याच्या तलावावर पक्ष्यांमागे फिरला. या वेळी लेन्स खाली करायची होती. सोलापूरच्या माणसाला जमिनीचं कौतुक नसतं. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड आणि बोअरला पाणी लागेल याची खात्री नाही, एवढीच आपली ओळख. हा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहत आलेला लाव्हा, हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण तो एकदाच ओतला गेला नाही. एक लोंढा आला, थिजला, मग उसंत, मग पुढचा. मला त्या उसंतीचे फोटो हवे होते. लाव्ह्यात काही जगत नाही. जे काही उगवलं असेल ते दोन लोंढ्यांच्या मधल्या काळात. म्हणून जाणाऱ्याला पहिला सल्ला हाच देईन, की दगड कमी बघा, सांधे जास्त बघा.

तुळजापूरचा घाट चढण्याआधीच, सपाटीवर थांबा. इथून बालाघाटाची कड समोर दिसते आणि तिच्या पायऱ्या मोजता येतात. कठीण थर उभा राहतो, पोकळ थर झिजून आत जातो, त्यामुळे डोंगराला आपोआप पायऱ्या पडतात. भूशास्त्रात या खडकांना 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. डोंगराचं तोंड ढोबळमानाने दक्षिणेला आहे, त्यामुळे हिवाळ्यात सकाळी सातच्या आसपास ऊन आडवं येतं आणि प्रत्येक पायरीखाली सावलीची रेघ पडते. साडेआठनंतर तीच कड पुठ्ठ्यासारखी चपटी दिसते. इथे लांब पल्ल्याची लेन्स लागते, वाइडने डोंगर ढेकळाएवढा येतो.

घाटात मात्र वळणावर गाडी लावू नका. उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर खालून रांगत येतात आणि मागच्याला आपण दिसत नाही. गाडी वर नेऊन लावा, चालत खाली या, भडक रंगाचा शर्ट घाला. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा टाळा. नवरात्र आणि कोजागरीला तर हा रस्ता चालत जाणाऱ्या भाविकांचा असतो. तेव्हा तुम्हीही देवीलाच जा, दगड नंतर.

रस्त्याच्या कापलेल्या कडेला एका लोंढ्याची खालपासून वरपर्यंतची तऱ्हा समजते. खाली घट्ट, काळानिळा, हातोडी मारली तर खणखणेल असा दगड. वर जावं तशी त्याला भोकं पडत जातात. हे लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे, वर चढता चढता अडकलेले. पुढे त्यातून पाणी झिरपलं आणि भोकांत पांढरी खनिजं बसली, झिओलाइट, कॅल्साइट, कुठे गारगोटी. भाऊ म्हणाला, "हे तर राजगिऱ्याच्या लाडवासारखं दिसतंय." त्या भोकांत मॅक्रो लेन्सने दीड तास गेला. ट्रायपॉड हवाच, कारण वाऱ्याने दगड हलत नसला तरी माणूस हलतो. मोजमापासाठी शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. ते २७ मिलिमीटरचं असतं, नंतर फोटोवरून आकार काढता येतो. मी पहिल्या तासात नाणं ठेवायला विसरलो. त्या फोटोंत ते भोक मोहरीएवढं आहे की माठाएवढं, हे आता मलाही सांगता येत नाही.

आणखी एक. काळा दगड कॅमेऱ्याला फसवतो. मीटरला वाटतं दृश्य अंधारलंय, मग तो उजेड वाढवतो आणि बेसाल्ट राखेसारखा करडा येतो. एक्स्पोजर एका स्टॉपने कमी करा, म्हणजे उजेड निम्म्यावर आणा. मोबाइल असेल तर दगडावर बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली ओढा. दगड ओला असेल तर पोलरायझर फिल्टर लावा, चकाकी जाते आणि आतला रंग दिसतो.

तुळजापूरहून नळदुर्ग पस्तीसेक किलोमीटर. या वाटेवर एका उताराच्या कटिंगमध्ये मला हवी होती ती गोष्ट सापडली. दोन काळ्या थरांच्या मध्ये वीतभर जाडीची, भाजलेल्या विटेच्या रंगाची पट्टी. खालचा लोंढा थंड झाल्यावर त्याची झीज होऊन माती झाली. ती किती काळ उघडी होती कोण जाणे, पण माती व्हायला पाऊस लागतो, वेळ लागतो. मग वरून पुढचा लाव्हा आला आणि तिला भाजून गेला. भाऊ एवढा वेळ गाडीत बसून होता, तो उतरून आला आणि पट्टीला हात लावून म्हणाला, "म्हणजे हे शेत होतं म्हण की." शेत नाही, पण जमीन होती. मी इतकी वर्षं वाचून जे सांगू शकलो नसतो ते त्याने एका वाक्यात सांगितलं. अशी पट्टी दिसली की दोन फोटो घ्या, एक लांबून, दोन्ही थरांसकट, आणि एक अगदी सांध्याचा. फक्त लाल मातीचा जवळून घेतलेला फोटो घरी गेल्यावर विटेचा वाटतो.

मग इथे डायनासोर का सापडत नाहीत, हे तो विचारणारच होता. महाराष्ट्रात ते सापडतात चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला, जिथे लाव्ह्याखालचे गाळाचे थर उघडे पडलेत. आपल्याकडे वरचं झाकण फार जाड. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी खोल छिद्र पाडलं, तेव्हा ३३८ मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर जेमतेम ८ मीटर गाळाचा थर लागला आणि त्याखाली पुरातन पायाचा खडक. म्हणजे जे काही असेल ते त्या आठ मीटरच्या सांध्यात. भूकंपाच्या त्या पहाटेची गोष्ट आमच्याकडे अजून निघते. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते, चारच्या सुमाराला सोलापुरातही भांडी पडली होती. भाऊ तेव्हा सहा वर्षांचा होता. तो गप्प झाला.

नळदुर्गाबद्दल फार लिहीत नाही, किल्ल्याची माहिती सगळीकडे मिळते. बोरी नदीवर इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये बांधलेला पाणीमहाल आणि त्यावरून पडणारे नर-मादी हे धबधबे बघायला लोक पावसाळ्यात येतात. दगडासाठी यायचं तर उलट, पाणी ओसरल्यावर या. मग धबधब्याखालचा खडक दिसतो. तटाची चिरेबंदी जवळून बघा. घट्ट दगडाशेजारी ठिपक्यांचा दगड बसवलेला दिसेल, आणि चार शतकांत कुठला किती झिजला हे शेजारीशेजारी वाचता येईल. भूशास्त्राची इतकी सोयीची प्रयोगशाळा दुसरी नाही. दुपारी बारा ते तीन फोटोंच्या नादी लागू नका, सावलीत बसून भाकरी खा. आमच्याकडे कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती, ती उन्हात खराब होत नाही. पाणी माणशी तीन लिटर घ्या. किल्ला संरक्षित आहे, हातोडी गाडीतच ठेवा. रात्री परत सोलापूर, पन्नासेक किलोमीटर.

दुसऱ्या दिवशी विजापूर रस्त्याने, मंद्रूप मागे टाकून, हत्तरसंग कुडलला गेलो. इथे सीना येऊन भीमेला मिळते, पलीकडे कर्नाटक. मी संगमावरच्या वाळूगोट्यांच्या पट्ट्याचे फोटो ठरवून गेलो होतो आणि तिथे पट्टाच नव्हता, नुसतं पाणी. उजनी धरणातून नदीत पाणी सोडलं होतं. सोलापूरच्या नळाला येणारं काही पाणी याच नदीतून खालच्या बंधाऱ्यांपर्यंत येतं, हे माहीत असूनही मी चौकशी केली नव्हती. भावाने काही म्हटलं नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. तुम्ही जाण्याआधी दोन दिवस पेपरमध्ये विसर्गाची बातमी बघा किंवा सोलापुरात कोणालाही विचारा, पाणी कधी येणार हा आपला जिव्हाळ्याचा विषय आहे. आणि पाणी कमी असलं तरी पात्रात सामान पसरून बसू नका, पातळी वाढते ती आवाज न करता.

मग संगमेश्वराच्या देवळात गेलो. तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा लेख आहे, 'वाछि तो विजेया होइवा'. जो वाचील तो विजयी होईल. अंधारात समोरून फ्लॅश मारला तर अक्षरं पुसल्यासारखी दिसतात. फ्लॅश बंद करा, दुसऱ्याच्या हातात टॉर्च द्या, ती तुळईला जवळजवळ टेकवून बाजूने धरायला सांगा. खाचांत सावली भरली की अक्षरं उठून येतात. आधी पुजाऱ्यांना विचारा. मला त्या दगडात डोळ्यांना एकही भोक दिसलं नाही. लोंढ्याच्या वरच्या पोकळ भागात अक्षर धरलंच नसतं.

दुपारी पाण्याच्या वरच्या अंगाला, नदीने कापलेल्या मातीच्या दरडीकडे गेलो आणि तिथे भाऊ ओरडला, "हाड!" दरडीतून पांढरं, बोटाएवढं जाड, गाठी असलेलं काहीतरी बाहेर आलं होतं. माझंही काळीज हललं, खोटं कशाला बोलू. शेजारच्या मांजरा खोऱ्यातल्या अशाच जुन्या गाळात हत्ती आणि पाणघोडे यांचे जीवाश्म सापडलेत. मग खाली आपोआप पडलेला एक तुकडा उचलला. मोडलेल्या तोंडाशी मधोमध बारीक नळी, भोवती चुनखडीची वलयं. हाडाच्या आत जाळी असते, ती नव्हती. जेवणातलं लिंबू पिळलं तर चुऱ्यावर बारीक फेस आला. हे हाड नव्हे, मूळ होतं. कधीकाळी त्या मातीत एक झाड किंवा झुडूप होतं, त्याच्या मुळाभोवती चुना साचत गेला, मूळ कुजलं, साचा राहिला. भाऊ हिरमुसला. मी नाही. दोन दिवसांत जुन्या जीवाची हाताला लागलेली हीच पहिली खूण होती, आणि तीही पोकळीच. फक्त लिंबाची परीक्षा हाडाला पारखायला पुरेशी नाही, गाळातल्या हाडातही चुना भरतो. मोडलेलं तोंड बघणं महत्त्वाचं.

खरंच हाड वाटलं तर उकरू नका. दरडीतून काढलेलं हाड कुठल्या थरातलं हे हरवलं की निम्मं निकामी होतं. नाणं ठेवून जवळून एक, दरड पूर्ण येईल असा एक आणि नदीसकट एक असे तीन फोटो घ्या. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा सोलापूर विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. दरडीच्या थेट खाली उभं राहू नका, ही काळी माती वाळली की भेगा पडून ढासळते. उन्हाळ्यात तर अजिबात नको.

घरी आलो तर आई जिन्याखालची शहाबादी फरशी पुसत होती. मी म्हणालो थांब, तशीच ओली राहू दे. शहाबाद आपल्या रेल्वेमार्गावरच, कलबुर्गीच्या पुढे. तिथला हा दगड लाव्ह्याहून कितीतरी जुना, शंख-शिंपल्यांचे प्राणी जन्माला यायच्या आधीच्या उथळ समुद्राच्या तळाचा. त्यात हाडं शोधून मिळणार नाहीत. त्याच गटातल्या शेलमध्ये, म्हणजे चिखल थिजून झालेल्या पापुद्र्यांच्या दगडात, मात्र 'चुआरिया' नावाचे, डोळ्यांना दिसणारे काळे गोल ठिपके सापडतात, त्या काळातल्या जीवांचे. आमच्या फरशीवर एका कोपऱ्यात नेच्याच्या पानासारखी काळपट नक्षी आहे. लहानपणी मी ती दाखवून वर्गातल्या पोरांना गंडवायचो. ते पान नाही. फटीतून झिरपलेल्या पाण्यातल्या मँगनीजने काढलेली झाडी आहे. तिथेही सांधाच.

फरशीवर टॉर्च आडवी ठेवून मी पालथा पडलो. भाऊ चहा घेऊन आला, त्याने नाणं काढून नक्षीशेजारी ठेवलं. आई म्हणाली, "दोन दिवस फिरून आलास आणि फोटो घरातल्या फरशीचा काढतोस होय? आणि ते नाणं उचला, पाय घसरंल कुणाचा तरी."