इनोव्हेटर फाउंडर व्हिसा: अडकलं ते पुण्यातल्या कागदांपाशी

ब्रिटनमध्ये शिकून तिथेच स्वतःचा व्यवसाय काढायचा तर कोणता व्हिसा लागतो, हे मला हल्ली सारखं कुणी ना कुणी विचारतं. मी घेतला तो इनोव्हेटर फाउंडर व्हिसा. कॉलेजच्या ग्रुपवरचे ज्युनिअर विचारतात, आईच्या भिशीतल्या काकू मुलासाठी विचारतात. सगळ्यांची समजूत अशी की खरी परीक्षा तिकडच्या लोकांपुढे बिझनेस प्लॅन मांडताना होते. माझा प्लॅन एका बैठकीत पटला. घोडं अडलं ते पुण्यात, बाबांचं खातं आहे त्या बँकेच्या शाखेत. त्या शाखेची आठवण झाली की माझं डोकं अजूनही तापतं. म्हणून हे लिहायला घेतलंय.

मी लीड्सला एमएससी केलं. स्टुडंट व्हिसावर असताना स्वतःचा व्यवसाय करायला मनाई असते, त्यामुळे शिक्षण संपल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा घेतला. तो दोन वर्षांचा, पीएचडीवाल्यांना तीन वर्षांचा. त्यावर नोकरी चालते, स्वतंत्र व्यवसायही चालतो, कुणाची स्पॉन्सरशिप लागत नाही. पण तो वाढवून मिळत नाही. आणि आता जाणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवा: १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना दोन वर्षांऐवजी अठराच महिने मिळणार आहेत. सहा महिने कमी म्हणजे काय, हे माझा पुढचा अनुभव वाचल्यावर कळेल.

दिवसा नोकरी आणि संध्याकाळी माझं यंत्र, असं चाललं होतं. तिकडच्या जुन्या घरांत ओल फार. आमच्या भाड्याच्या घरात कपाटामागची भिंत काळी पडायची. भिंतीतला ओलावा आणि खोलीतली हवा मोजून बुरशी धरण्याआधीच सूचना देणारा सेन्सर, ही माझी कल्पना. इंग्लंडमध्ये २७ ऑक्टोबर २०२५ पासून अवाब्ज लॉ लागू झाला. रॉचडेलमध्ये बुरशीच्या घरात राहून दगावलेल्या दोन वर्षांच्या मुलाच्या नावाचा हा कायदा. त्यानुसार सामाजिक गृहसंस्थांना, म्हणजे कमी भाड्याने घरं देणाऱ्या संस्थांना, ओल आणि बुरशीच्या तक्रारींवर ठरावीक मुदतीत कारवाई करावीच लागते. त्यामुळे माझ्या सेन्सरला गिऱ्हाईक कोण, हे सांगायला मला फार शब्द खर्चावे लागले नाहीत.

इनोव्हेटर फाउंडर हा व्हिसा १३ एप्रिल २०२३ ला सुरू झाला. आधीचे स्टार्टअप आणि इनोव्हेटर हे दोन्ही व्हिसे बंद करून हा आणला. जुन्या इनोव्हेटरला ५०,००० पौंड दाखवावे लागायचे, ती अट गेली. इथेच लोकांची फसगत होते. किमान रकमेची अट गेली, पैशांची चौकशी गेलेली नाही. सरकारने मान्यता दिलेली एखादी संस्था तुमची कल्पना तपासून शिफारसपत्र देते, आणि ते मिळाल्याशिवाय व्हिसाचा अर्जच करता येत नाही. तपासणीची फी १,००० पौंड. कल्पना नवी हवी, चालण्याजोगी हवी, वाढण्याजोगी हवी, हे तीन निकष सगळ्यांना पाठ असतात. त्यापलीकडे त्या संस्थेला आणखी एक खात्री द्यावी लागते: अर्जदाराकडे समाधानकारक खुलासा नसलेला पैसा आहे, असं मानायला जागा नाही. माझे पुढचे सगळे आठवडे या एका ओळीत गेले.

माझ्या प्लॅनमध्ये भांडवल होतं ते थोडं माझ्या बचतीचं आणि बरंचसं बाबांनी दिलेलं. तळेगावजवळचा आजोबांचा प्लॉट बाबांनी आणि काकांनी मिळून विकला, त्यातल्या बाबांच्या वाट्यातून ही रक्कम आली. व्यवहार स्वच्छ. खरेदीखत नोंदणीकृत, पूर्ण रक्कम आरटीजीएसने, भांडवली नफ्यावरचा कर भरलेला. मी गेल्या हिवाळ्यात पुण्याला आले होते तेव्हा संस्थेचा मेल आला. तीन प्रश्न होते. प्लॉट वडिलांच्या नावावर कसा आला? खात्यात आलेली रक्कम खरेदीदाराचीच कशावरून? आणि खात्यावर दुसऱ्या माणसाचंही नाव आहे, मग यातला वडिलांचा हिस्सा किती?

पहिल्या प्रश्नाचे कागद पटापट मिळाले. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन निघतो. वारस नोंदीच्या फेरफाराची नक्कल बाबांनी वडगाव मावळच्या तहसील कचेरीतून आणली. खरेदीखताची सूची क्रमांक २, म्हणजे व्यवहाराचा नोंदणीकृत गोषवारा, नोंदणी खात्याच्या ई-सर्चवर सापडली.

उरलेले दोन प्रश्न बँकेचे होते. बाबा आणि काकांनी या व्यवहारासाठी संयुक्त खातं उघडलं होतं. खातेउताऱ्यात रक्कम दिसत होती, पण त्या नोंदीत खरेदीदाराच्या नावाची पहिली काही अक्षरंच छापली होती, पुढचं आडनाव कापलेलं. आम्हाला हवं होतं एक साधं पत्र: अमुक तारखेला अमुक खात्यातून, अमुक नावाच्या व्यक्तीकडून ही रक्कम जमा झाली. लेटरहेडवर, अधिकाऱ्याच्या नावासह आणि सहीसह. बँकेच्या सिस्टिममध्ये पूर्ण नाव असतंच, फक्त ते कागदावर आणायचं होतं.

काउंटरवरच्या अधिकाऱ्याने उताऱ्यावर शिक्का मारला आणि म्हणाले, "झालं की मॅडम, हे चालतं सगळीकडे." मी मेल दाखवला. त्यांनी तो वाचला नाही. "असा आमच्याकडे फॉरमॅट नाही." मग मॅनेजरसाहेबांकडे. ते रजेवर. ते आले तेव्हा म्हणाले, विभागीय कार्यालयाला विचारावं लागेल, अर्ज देऊन ठेवा. अर्ज दिला, पोच मागितली, तर पोच द्यायलाही तयार नाहीत. बाबांचं त्या शाखेत माझ्या जन्माच्या आधीपासून खातं आहे. पगार तिथे, घराचं कर्ज तिथे फेडलं, आता पेन्शन तिथे. ते खुर्चीच्या कडेला बसून विचारत होते, "साहेब, कधीपर्यंत होईल साधारण?" आणि समोरचा माणूस स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "काका, तुम्हीच बघा ना किती कामं आहेत."

मला तिथे प्रचंड राग आला आणि तो योग्यच होता असं मला आजही वाटतं. ग्राहकाला स्वतःच्याच खात्यातली माहिती लेखी मागायची वेळ आली तर ती मिळायला हवी. आम्ही कर्ज मागत नव्हतो, सवलत मागत नव्हतो. इकडे मेलमधली मुदत सरत होती, तिकडे माझा ग्रॅज्युएट व्हिसा संपायची तारीख जवळ येत होती. दर खेपेला नवं कारण. आज सर्व्हर नाही, उद्या ऑडिट आहे, परवा विभागीय कार्यालयाचं उत्तर आलं पण त्यात खातेक्रमांक चुकलाय. शेवटी पत्र मिळालं, त्यात रक्कम बरोबर होती आणि खरेदीदाराचं नावच नव्हतं. "नाव देता येत नाही, ते दुसऱ्या बँकेचे ग्राहक आहेत." हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर आम्ही दुसरा मार्ग तेव्हाच शोधला असता.

तो मार्ग बाबांच्या सीएनी पाच मिनिटांत सांगितला, आणि या अख्ख्या लेखातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे. पन्नास लाख किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकली की खरेदीदार एक टक्का टीडीएस कापून सरकारला भरतो आणि विक्रेत्याला त्याचं प्रमाणपत्र देतो. आमच्या व्यवहाराच्या वेळी ते फॉर्म १६बी होतं. त्यावर खरेदीदाराचं पूर्ण नाव, पॅन, विक्रेत्याचा पॅन, दिलेली रक्कम, सगळं असतं. आणि विक्रेते दोन असतील तर प्रत्येकाच्या नावाने वेगळा टीडीएस भरावा लागतो, म्हणून बाबांचा १६बी वेगळा आणि काकांचा वेगळा. म्हणजे रक्कम कुणाकडून आली आणि त्यात बाबांचा वाटा किती, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आयकर खात्याच्या एकाच कागदावर. जोडीला बाबांचा २६एएस, म्हणजे त्यांच्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा, त्या वर्षाचं रिटर्न, आणि काकांचा हिस्सा त्यांच्या स्वतःच्या खात्यात गेल्याची नोंद. मी एका पानावर तारखांच्या क्रमाने लिहून दिलं: आजोबा, वारस नोंद, विक्री, जमा रक्कम, काकांचा वाटा, उरलेली रक्कम, मला दिलेली भेट. प्रत्येक ओळीपुढे कागदाचा क्रमांक. बँकेचं ते अर्धवट पत्र मी पाठवलंच नाही. त्यानंतर संस्थेने पैशांबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. मेल आला तेव्हा बाबा देवापुढे साखर ठेवून आले आणि मला म्हणाले, "कर वेळेवर भरलेला कामाला आला बघ."

मराठी कागदांची भाषांतरं करावी लागतात. नुसता शिक्का असलेलं भाषांतर घेऊन येऊ नका. भाषांतर मुळाबरहुकूम आहे असं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा तपशील, हे सगळं त्यावर लागतं. आमच्या भाषांतरकार बाईंनी हे सगळं न सांगता केलं होतं. सातबाऱ्यावरचे इतर हक्कांचे रकाने लोक गाळतात, त्यांनी तेही घेतले. त्यांचे आभार मानावे तितके थोडे.

शिफारसपत्र हातात आलं की तीन महिन्यांच्या आत व्हिसाचा अर्ज करायचा, नाहीतर पत्र शिळं होतं. मी लीड्सला परतून तिथूनच अर्ज केला. ब्रिटनमध्ये वर्षभराहून जास्त राहत असाल तर खर्चासाठीचे १,२७० पौंड खात्यात अठ्ठावीस दिवस दाखवायची गरज नसते, आणि तिथली पदवी असल्याने इंग्रजीची परीक्षाही लागली नाही. मात्र तिथून अर्ज केल्यावर निर्णय येईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही, अर्ज मागे घेतल्याचं धरतात. चुलतभावाचं लग्न मला त्यापायी सोडावं लागलं. म्हणून पुण्यातली सगळी कामं आधी उरका. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, तीन वर्षांच्या व्हिसाचे ३,१०५ एकदम भरावे लागतात. ही रक्कम प्लॅनच्या भांडवलात धरू नका, वेगळी ठेवा. पुढे शिफारस देणाऱ्या संस्थेसोबत किमान दोन आढावा बैठका होतात, त्यांचे प्रत्येकी ५०० पौंड.

पुण्यात काही सल्लागार "तयार बिझनेस प्लॅनसकट व्हिसा" असं पॅकेज विकतात. माझ्या ओळखीतल्या एकाला त्यांनी भली मोठी रक्कम सांगितली होती. कृपा करून यात पडू नका. कल्पना तुमची असावी किंवा तिच्यात तुमचा मोठा वाटा असावा, असं नियमच सांगतो. बैठकीत पहिले दहा प्रश्न त्यावरच येतात, आणि विकतचा प्लॅन तिसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो. चालू धंद्यात भागीदार म्हणून शिरूनही हा व्हिसा मिळत नाही. सल्ला हवाच असेल तर ब्रिटनमधल्या इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीच्या यादीत त्या माणसाचं नाव आहे का, ते आधी बघा. दोघांनी मिळून कंपनी काढायची असेल तर दोघांना स्वतंत्र शिफारस आणि स्वतंत्र अर्ज लागतो.

"अमेरिकाच का नाही?" हा प्रश्नही येतोच. तिथला ई-२ गुंतवणूकदार व्हिसा भारतीय नागरिकांना मिळत नाही, कारण भारताशी तसा करार नाही. ओपीटीच्या, म्हणजे तिथे शिकल्यावर मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीच्या, पहिल्या बारा महिन्यांत आपल्या विषयाशी संबंधित स्वतःचा व्यवसाय करता येतो, पण विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना मिळणाऱ्या पुढच्या चोवीस महिन्यांच्या स्टेम मुदतवाढीला ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणी यंत्रणेत नोंदलेला, नोकरी देणारा मालक लागतो आणि त्याच्याशी खरंखुरं नोकरीचं नातं असावं लागतं. जर्मनीचा मार्ग मला चांगला वाटतो. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये माझ्यासोबत जर्मन शिकलेली मैत्रीण तिकडे गेलीय. पदवीनंतर अठरा महिने मिळतात, आणि तिथल्या विद्यापीठाच्या पदवीधरांना शिक्षणाशी संबंधित व्यवसायासाठी परवाना घेताना तिथल्या अर्थव्यवस्थेला त्या व्यवसायाची गरज आहे हे सिद्ध करण्याची अट शिथिल आहे. भाषा येत असेल तर नक्की विचार करा.

नोव्हेंबर २०२५ पासून ब्रिटनमध्ये आणखी एक बदल झालाय. अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याने स्टुडंट व्हिसावरून थेट इनोव्हेटर फाउंडरसाठी अर्ज केला, तर निर्णयाची वाट बघताना त्याला व्यवसायाची सुरुवात करता येते. ज्यांची कल्पना शिकतानाच तयार आहे त्यांनी हा मार्ग घ्यावा. माझ्यासारखं यंत्र आधी चार घरांत लावून बघायचं असेल, तर ग्रॅज्युएट व्हिसाचा काळ त्यासाठी वापरा आणि संपायच्या निदान आठ-नऊ महिने आधी शिफारसीच्या मागे लागा.

पैसे पाठवण्याबद्दल सांगायचं राहिलं. आईवडिलांनी मुलीला दिलेल्या भेटीवर तिला भारतात आयकर लागत नाही, पण भेटपत्र लेखी करून ठेवा. एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर वीस टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर, कापला जातो. शिक्षणासाठी तो कमी असतो, व्यवसायासाठी दिलेल्या भेटीला ती सवलत नाही. ही रक्कम रिटर्न भरताना वळती होते किंवा परत मिळते, पण तोवर अडकून राहते. आम्ही काही रक्कम बाबांच्या आणि काही आईच्या स्वतःच्या ठेवीतून पाठवली, म्हणजे दोघांची मर्यादा वेगवेगळी धरली गेली. आईच्या ठेवीची बँक दुसरी होती. तिथे फॉर्म ए-२ (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) आणि पॅन दिल्यावर काम त्याच दिवशी झालं, आणि पावतीवर पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं, दोन्ही नावं पूर्ण छापलेली होती.