डब्यावर ११, इंजिनात १२

बुधवारी सकाळी ब्युरेटची तोटी बंद करून मी आकडा वाचला. इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे वरच्या झाकणात, पेट्रोल जळायचा जो खळगा असतो, त्या चेंबरमध्ये २८.४ सीसी घासलेट मावलं होतं. चष्मा पुसून पुन्हा वाचला, तोच. स्टुलावर बसलेल्या पोराने तो वहीत टिपला आणि विचारलं, "काका, बरोबर आला ना?"

"आकडा बरोबर आहे. पण तू आणलेले पिस्टन या हेडखाली चालतील की नाही, ते आता बघावं लागेल."

त्याचा चेहरा उतरला. आठ महिने पैसे साठवून घेतलेले चार पिस्टन माझ्या टेबलावर होते, तेलकट कागदातून अजून पुरते बाहेरही न आलेले.

इंदूरला पोलोग्राउंडच्या बाजूला माझं बोरिंग-होनिंगचं, म्हणजे सिलिंडर कापून-घासून मापाला आणायचं, आणि हेडचं वर्कशॉप आहे. हा मुलगा रामबागेतला, ओळखीच्या घरातला, पिथमपूरला नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. त्याने जुनी कार्ब्युरेटरवाली जिप्सी घेतली, १२९८ सीसीची. इंजिन धूर टाकत होतं, तेल पीत होतं, रिबोअर, म्हणजे झिजलेले सिलिंडर थोड्या मोठ्या मापाला कापणं, भागच होतं. मग त्याच खर्चात गाडीत जरा दम भरावा, असं त्याच्या मनात आलं. टर्बोला पैसे नव्हते आणि त्याला तो नकोही होता. टर्बोशिवायच्या इंजिनातून ताकद काढायचे रस्ते मोजकेच आहेत: जास्त हवा आत येऊ द्या, जास्त आरपीएमवर फिरवा, नाहीतर आत आलेली हवा जास्त दाबा. रिबोअरच्या वेळी हा तिसरा रस्ता सगळ्यात स्वस्त पडतो, कारण पिस्टन तसेही बदलायचेच असतात. विचार चांगला होता. म्हणून त्याने ०.५० मिमी ओव्हरसाइजचे फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले, पिस्टन मागवले, डोक्यावर उंचवटा असलेले, म्हणजे डोमचे. डब्यावर कॉम्प्रेशन रेशो छापलेला होता ११:१, म्हणजे पिस्टन खाली असताना सिलिंडरमधली एकूण जागा तो वर आल्यावर उरणाऱ्या जागेच्या अकरा पट.

पिस्टन हातात आल्याशिवाय मी ब्लॉक मशीनवर चढवत नाही. आणि काम साध्या रिबोअरचं नसेल, तर आधी एकच सिलिंडर बोअर करतो, तोही होनिंगचे शेवटचे दोन शतांश मिलिमीटर राखून. त्यात रिंगांशिवाय पिस्टन घालायचा, हेड ठेवायचं, सगळं कच्चं जोडून मोजून बघायचं. वेळ पदरचा जातो. पण फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, त्याला भिंतीपासून मोकळी जागा जास्त लागते. साध्या ओतीव पिस्टनला कमी. चारही सिलिंडर मोठ्या मापाला होन करून बसलो आणि नंतर पिस्टन बदलावे लागले, तर ते आत खडखडणार. कापलेलं लोखंड परत भरता येत नाही.

तर मोजणी. हेड उलटं ठेवलं, प्लग लावला, वॉल्व बसवले, चेंबरच्या कडेला व्हॅसलीनचं बोट फिरवून वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी चिकटवली आणि ब्युरेटमधून घासलेट सोडलं. शेवटचा बुडबुडा भोकाखाली येऊन थांबतो, हेड जरासं कलतं केलं की निघून जातो, आणि पट्टीखाली सगळं काचेसारखं एकसंध दिसतं. तो क्षण मला आजही आवडतो. मग डोम मोजला. पिस्टनची सपाट कड डेकपासून, म्हणजे ब्लॉकच्या वरच्या फेसपासून, बरोबर १० मिमी खाली आणली. ७४.५ मिमी व्यासाच्या बोअरमध्ये एवढ्या उंचीत ४३.६ सीसी मावायला हवेत. मावले ३८.६. म्हणजे डोम ५ सीसीचा.

पुढचं गणित मी पोराकडूनच करवून घेतलं. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ७५.५ मिमी, त्यामुळे नव्या बोअरला एका सिलिंडरची हवा ३२९.१ सीसी. पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा: चेंबर २८.४, दाबलेल्या गॅस्केटची जाडी १.२ मिमी म्हणून ५.४, पिस्टन डेकच्या ०.२ मिमी खाली थांबतो त्याचे ०.९, आणि यातून डोमचे ५ वजा. उरले २९.७. त्याने ३२९.१ मध्ये २९.७ मिळवले, बेरजेला मोबाइलवर २९.७ ने भागलं आणि मान वर केली. "काका, १२.०८ येतंय."

डब्यावरचा आकडा खोटा नव्हता, हे मी त्याला पहिल्यांदा सांगितलं. पिस्टन बनवणाऱ्याने एक ठरावीक चेंबर आणि ठरावीक गॅस्केट धरून तो छापलेला असतो. आपला ११ यायला चेंबर ३१.६ चं हवं होतं. पण या हेडची फेस पूर्वी कुठेतरी प्लेन झालेली होती, नुसत्या नजरेला दोन वेगवेगळ्या कटरच्या खुणा दिसत होत्या. आठ दशांश मिलिमीटरच्या आसपास माल गेलेला. जुनी गाडी घेताना हे कोणी सांगत नाही. कॉम्प्रेशन रेशो पिस्टनचा नसतो, तुमच्या हातातल्या त्या एका इंजिनाचा असतो.

मग वॉल्व आणि पिस्टन यांच्यात किती जागा राहते ते बघायला क्ले. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून मुलांची रंगीत क्ले आणवली, तिची जाडसर पोळी करून पिस्टनच्या माथ्यावर वॉल्वसाठी ठेवलेल्या दोन्ही पॉकेटांत, म्हणजे खाचांत, बसवली, वर तेलाचा हात फिरवला. जुनं गॅस्केट टाकून हेड कसलं, बेल्ट चढवला आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला. कुठे अडलं नाही. पोराला हायसं वाटलं. हेड उचललं तर निळ्या क्लेमध्ये वॉल्वचा चंद्रकोरीसारखा ठसा. ब्लेडने तो मधोमध कापला आणि व्हर्नियर लावला: इनलेटच्या कडेला ०.९ मिमी. मी इनलेटला किमान २ आणि एक्झॉस्टला २.५ मिमी राखतो. हाताने फिरवताना अडलं नाही, यात काहीच आलं नाही. साडेपाच हजार आरपीएमला बेल्ट ताणला जातो, वॉल्व क्षणभर उशिरा बसतो, आणि तेवढ्यात पिस्टन येऊन त्याला गाठतो.

पोर हुशार होतं, सहज सोडणारं नव्हतं. म्हणालं, "जाड गॅस्केट टाकू." टाकता येतं. ०.७ मिमी जाड घेतलं की रेशो ११ वर येतो. पण वॉल्वची जागा १.६ च होते. आणि त्याहून वाईट म्हणजे पिस्टनची सपाट कड आणि हेड यांच्यातली फट १.४ वरून २.१ वर जाते. ही फट अरुंद असली की पिस्टन वर येताना कडेची हवा जोरात मध्ये ढकलली जाते, मिश्रण घुसळतं, प्लगची ज्योत चटकन सगळीकडे पोचते. फट रुंद झाली की कडेचं पेट्रोल तिथेच तापत बसतं आणि ज्योत यायच्या आधी आपोआप पेटतं. तेच नॉकिंग. म्हणजे रेशो उतरवूनही इंजिन जास्त टकटकू शकतं. डोम घासायचा म्हटलं, तर खाली धातू किती जाड आहे ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

"पण स्विफ्टच्या डुअलजेटला कंपनीतूनच १२ आहे."

आहे. पण त्या इंजिनाला नॉकिंग ऐकणारा सेन्सर आहे, ठिणगीचं टायमिंग मागे घेणारा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आहे, पिस्टनच्या पोटावर तेल मारणारे जेट आहेत. तुझ्याकडे टायमिंगसाठी डिस्ट्रिब्युटरमधली दोन वजनं आणि एक व्हॅक्युमचा डबा आहे.

मग त्याने उंचीचा मुद्दा काढला, आणि तो मला मनापासून आवडला. इंदूर साडेपाचशे मीटरवर, इथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सहाएक टक्के कमी, सिलिंडर तेवढा कमी भरतो, म्हणजे नॉकिंगचा धोकाही थोडा कमी. बरोबर आहे. पण मी विचारलं, "रविवारी कुठे जातोस?" महेश्वरला. महेश्वर नर्मदेकाठी, दीडशे-एक मीटरवर. मे महिन्यात निमाडचं ऊन अंगावर घेत, चार माणसं बसवून, परतीला जाम घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमला पूर्ण थ्रॉटल. इंजिनाला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. त्यात कॅम, म्हणजे वॉल्व उघडणारा-मिटणारा दांडा, साधा. डोमचे पिस्टन मुळात ज्या कॅमबरोबर वापरतात, तो इनलेट वॉल्व बराच उशिरा मिटतो. कमी आरपीएमला थोडी हवा परत बाहेर जाते, म्हणून तिथे १२ चा रेशो १२ सारखा वागत नाही. साधा कॅम लवकर मिटतो, हवा कोंडून धरतो. तिथे १२ चा धोका पुरेपूर जाणवतो.

मी कपाटातून एक जुना पिस्टन काढून त्याच्या हातात दिला. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने सांगितलेला रेशो मी खरा धरला होता, मोजला नव्हता. तीन आठवड्यांत इंजिन परत आलं. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली कड तुटून पडलेली, माथ्याच्या काठाला वाळवीने खाल्ल्यासारखे खड्डे. त्याच्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर खसखशीहून बारीक चकाकते ठिपके होते, पिस्टनचंच वितळून उडालेलं ॲल्युमिनियम. त्या माणसाची ती टॅक्सी होती, घर तिच्यावर चालायचं. इंजिन मी माझ्या खर्चाने बांधून दिलं, पण त्याचा बुडालेला महिना मला भरून देता आला नाही. पोराने त्या तुटक्या कडेवरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ काही बोललं नाही.

दुपारी जेवण झाल्यावर मी त्याला पुन्हा वही काढायला लावली. या वेळी सपाट माथ्याचा साधा ओतीव पिस्टन धरायचा, वॉल्वच्या उथळ पॉकेटांचे २ सीसी अधिक. २८.४, ५.४, ०.९ आणि २. उरणारी जागा ३६.७. भागाकार ९.९७. त्याने तीनदा करून पाहिला. ज्या हेडने त्याचे महागडे पिस्टन नाकारले, त्याच हेडने त्याला १० चा रेशो आधीच दिलेला होता, कोणीतरी कधीतरी प्लेन करून. ९ वरून १० ला गेलं की गणिताने तीन टक्क्यांच्या आसपास फायदा होतो, साठेक हॉर्सपॉवरच्या इंजिनात दोन हॉर्सपॉवर धरा. पुढे दर पॉइंटला फायदा घटत जातो आणि धोका वाढत जातो. बजेटमध्ये बांधायचं असेल तर मी सपाट माथा, अरुंद फट आणि १० च्या आसपासचा रेशो यावरच थांबतो. उरलेले पैसे वॉल्वच्या सीटांवर, कार्ब्युरेटरवर, चांगल्या रेडिएटरवर घालावेत.

संध्याकाळपर्यंत उरलेली तीन चेंबर त्याने स्वतः मोजली. २८.१, २८.६, २८.४. मग चारही सारखी करायची म्हणून पेन्सिल ग्राइंडरने कडा उतरवत, पुन्हा घासलेट भरत, रात्री साडेआठला सगळी २८.६ वर आणली. नखांत ॲल्युमिनियमची पूड, शर्टाला घासलेटचा वास. घरून दोनदा फोन येऊन गेला.

पुढच्या आठवड्यात ओतीव पिस्टन आले. सराफ्यातून आणलेला सोनाराचा काटा माझ्याकडे आहे, त्यावर चौघांचं वजन दोन ग्रॅमच्या आत जुळवलं. बोअर त्यांच्या मापाला होन केले, डेकचे ते ०.२ मिमी काढले, फट १.२ वर आली, रेशो १०.१. पुन्हा क्ले लावली: इनलेटला २.६ मिमी. हेड आणि ब्लॉक मिळून मिलिमीटरभर खाली आल्यामुळे बेल्टवर चालणाऱ्या कॅमचं टायमिंग किंचित मागे पडतं, ते डिग्री व्हीलवर, म्हणजे अंशांच्या खुणा असलेल्या चकतीवर, बघून घेतलं. पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, मिळतं. इथेनॉलने ऑक्टेन वाढतं, पण कार्ब्युरेटरला तेच जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं छिद्र, ठेवलं तर मिश्रण पातळ पडतं, म्हणून मेन जेट एक नंबर मोठा टाकला आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलले. कॉम्प्रेशन गेजवर चारही सिलिंडर १३ किलोच्या आसपास, अर्ध्या किलोच्या फरकात.

डोमचे पिस्टन परत घेतले गेले नाहीत. त्याने ते पुन्हा कागदात गुंडाळून ठेवलेत, कधीतरी कॅम बदलेन म्हणतो.

इंजिनाचं हजार किलोमीटर रनिंग-इन झाल्यावर मेच्या दुसऱ्या रविवारी तो महेश्वरला गेला. परतताना जाम घाटाच्या माथ्यावर पोचल्यावर त्याने तिथूनच फोन केला, "काका, तिसऱ्यात चढली. खिडक्या उघड्या ठेवून कान लावून बसलो होतो." मी म्हटलं, उद्या सकाळी गाडी थंड असताना घेऊन ये. सोमवारी आठ वाजता चारही प्लग काढून फडक्यावर ओळीने ठेवले. भिंग लावून एकेक बघितला. चिनीमाती फिक्या बिस्किटाच्या रंगाची, चारही सारख्या, एकावरही ठिपका नाही. मग भिंग त्याच्याकडे दिलं.